टिंग

एक तारखेला, चूल पेटायच्या आधी
फोन वाजायचा एकदाच: टिंग.
सासूबाई आतून म्हणायच्या, आला देविदास.
पैसे आले असं कधी म्हटलं नाही त्यांनी.

या महिन्यात टिंग झालंच नाही.
दोन तारीख, चार, नऊ.
फोन पोह्यांच्या डब्यावर ठेवून पाहिला,
निंबाच्या खोडाशी, जिथे रेंज येते, तिथे पाहिला.
रिचार्ज संपल्याचा निरोप तेवढा आला.

युनिट बदललं म्हणे.
कागद एका कार्यालयातून निघाला
आणि दुसऱ्यात पोचलाच नाही.
तो तिकडे बर्फात उभा,
त्याचा कागद इकडे कुठल्या तरी टेबलावर बसलेला.

गावाला सांगू कसं?
गावासाठी आमचं घर म्हणजे सरकारी नळ.
पंचफुलाच्या पोरीची फीस इथून गेली,
काशीरामच्या बैलाची सुई इथून.
परवा लीलाबाई ओट्यावर टेकून म्हणाली,
तुमचं काय बाप्पा, तुमची पहिली तारीख चुकत नाही.
मी तिला कोरा चहा दिला.
म्हटलं, दूध नासलं.

त्याच रात्री पाहिलं,
सासूबाई बीपीची गोळी
अडकित्त्याने अर्धी करत होत्या.

मग लुनावरून हवालदार तायडे आले,
गुडघ्याने अधू, काखेत फाईल.
त्यांना कोणी सांगितलं, माहीत नाही.
म्हणाले, सूनबाई, मले एका साली पाच महिने पगार नोयता.
लाज कागदाले वाटली पाहिजे, आपल्याले नाही.
आणि तिथेच, पाटावर, अर्ज लिहायला बसले:
नंबर, रँक, जुनं युनिट, नवं युनिट.
अक्षर असं की परेडला उभं केलंय.

अकोल्याला सैनिक कल्याण कार्यालयात
बाकावर बार्शीटाकळीची शशिकला भेटली.
दोन पोरं, एक शेवेचं पाकीट,
तिचाही फोन तितकाच गप्प.
ती माझ्याआधी चार खेटे घालून बसलेली.
म्हणाली, शाळा थांबते, इथलं पत्र दाखव फक्त.
बँकेचा हप्ता पुढे ढकलतात,
पण तारखेच्या आधी जावं लागते, नंतर कोणी ऐकत नाही.
रेकॉर्ड ऑफिसचा फोन तीन ते चारमध्ये उचलतात,
जेवण झालेलं असते त्यांचं.
मी सगळं एसटीच्या तिकिटामागे लिहिलं.
जागा संपली तेव्हा तळहातावर.

शनिवारी बचत गट.
वही माझ्याकडे असते, सहा वर्षं.
कर्जाच्या रकान्यात बाकी सगळ्यांची नावं लिहिली,
स्वतःचं लिहिताना पेन थांबला.
पंचफुलानं वही ओढली, तिला दोनच ओळी लिहिता येतात,
त्यातली एक माझ्या नावाची झाली.
तीन हजार टाकू? का पाच?
माझ्या तोंडून आवाज निघेना.
पाच टाकतो, म्हणाली.
द्याले शिकली तू, मांगाले कोणी शिकवलंच नाही तुले.

रात्री त्याचा फोन. वारा जास्त, तो कमी.
भागते ना?
भागते.
थंडी?
नाही एवढी.
दोघांनीही एकमेकांचं खोटं
नीट घडी करून ठेवलं.

तेवीस तारखेला, भाकर तव्यावर असताना, टिंग.
सासूबाई लगबगीनं उठल्या: आला देविदास!
पिठाच्या बोटांनी फोन उघडला.
"माझं आलं आज. तुमचं झालं का?
नसेल तर सांगा, उद्याच्या गाडीनं येतो घेऊन."
म्हटलं, नाही आई, बार्शीटाकळीची शशिकला आहे.
कोण लागते आपली?
भाकर करपायला आली होती.
उलटली.
म्हटलं, गोळी घ्या तुमची. अख्खी.